मधला माणूस

बिघडलेली वस्तू कुणी पुढ्यात ठेवली की मिस्त्री प्रथम तिच्यावर पालथा हात ठेवीत, ताप पाहावा तसे. मग म्हणत, "हे चांगलं हाय. ते बी चांगलं हाय. मधला माणूस नाय, म्हणून अडलंय."

हा मधला माणूस म्हणजे कधी तुटलेली तार असे, कधी सैल झालेला सांधा. खालापुरात तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. पूर्वी ते रसायनीला एका कारखान्यात विजेचे काम करीत. पुढे छातीचे दुखणे लागले आणि त्यांनी हे दुकान थाटले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पोट उघडे टाकलेले दोन-तीन टीव्ही. वस्तूविषयी वाईट बोललेले त्यांना खपत नसे. एकाने स्वतःच्या रेडिओला डबडे म्हटले, तेव्हा त्यांनी रेडिओचे तोंड हळूच भिंतीकडे फिरवले. म्हणाले, "त्याला ऐकू येतं."

मी कर्जतला राहत असे आणि रोज एस.टी.ने खालापूरच्या कचेरीत कारकुनीला येत असे. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. माझा मेहुणा बोटीवर नोकरीला होता. त्याने एका बंदरातून व्हिडिओ गेमचे मशीन आणले आणि पुढच्या खेपेस दुसऱ्याच बंदरातून पाच कॅसेटी. तुमच्यापैकी कुणी तो खेळ त्या काळी पाहिला असेल, तर त्या कॅसेटी आठवतील. चपट्या प्लास्टिकच्या डब्या, तळाशी पिवळ्या धातूच्या दातांची रांग. ती रांग मशीनच्या खाचेत बसली की टीव्हीवर खेळ उमटे. आमच्या पाचही कॅसेटी त्या खाचेत बसत नव्हत्या, आणि मशीनसोबत आलेली एकुलती एक कॅसेट पावसाळ्यात ओल लागून निकामी झाली होती.

खेळाचा नाद मला नव्हता, माझ्या पत्नीला होता. हे बाहेर कळलेले तिला आवडले नसते, म्हणून मी मिस्त्रींना सांगितले की घरी पाहुणे येतात, त्यांच्यासाठी हवे आहे. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. निघताना म्हणाले, "पाहुण्यांना नमस्कार सांगा." त्यानंतर माझ्या पत्नीची चौकशी ते नेहमी याच नावाने करीत.

मिस्त्रींनी दात मोजले. कॅसेटीला साठ, खाचेला बहात्तर. मग त्यांनी दोहोंच्या मध्ये बसेल अशी एक पाटी करायला घेतली. कॅसेटीचा कुठला दात मशीनच्या कुठल्या दाताशी बोलतो, हे शोधण्यात दोन आठवडे गेले. तांब्याचा मुलामा असलेल्या पाटीवर ते नेलपॉलिशने एकेक वाट रंगवीत. पाटी रसायनात बुडवली की उघडे तांबे विरघळून जाई, रंगाखालची वाट तेवढी शिल्लक राहे. बाटली लाल रंगाची होती, अर्धी संपलेली. मी तिच्याकडे पाहतो आहे हे त्यांच्या लक्षात आले.

"लेकीची हाय," ते म्हणाले. "जाताना ऱ्हायली."

शेवटी मशीनचे बारा दात रिकामे उरले. त्यांचे काय करायचे, असे मी काळजीने विचारले.

"असू देत गप. सगळ्यांनी बोलायलाच पायजे असं नाय." आणि माझ्याकडे पाहून ते हसले. मी फार बोलत नाही, हे त्यांना मनापासून आवडत असावे, असे मला तेव्हा वाटले.

पाटी बसली, कॅसेट बसली, पण पडदा क्षणाक्षणाला उघडझाप करू लागला. दोन दिवस मिस्त्री त्यापुढे बसून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आत पहारेकरी हाय, भाऊसाहेब. खूण विचारतोय." त्यांनी ओल लागलेल्या कॅसेटीतून नखाएवढी एक चिप सोडवली आणि आपल्या पाटीवर डाग देऊन बसवली. मेलेल्याची खूण दाखवून जित्याला आत सोडायचे, असे त्यांनी मला समजावले. खेळ लागला.

पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली, पण आपला हात काढला नाही. मग त्यांनी लेकीविषयी सांगितले. कर्जतकडे, कोंडाण्याच्या लेण्यांजवळच्या एका आदिवासी वाडीवर ती शिक्षिका होती. तिथल्याच ठाकूर समाजातल्या एका शिक्षकाशी तिने नोंदणी करून लग्न केले होते, वडिलांना न कळवता. वर्ष होत आले होते. ना ती आली, ना हे गेले.

"वाडीतला जावई म्हणून मी रागावलो, असं तिला वाटतंय. सगळी माणसं सारखी, हे जल्मभर मीच सांगत आलो. तरी माझी लेक मला भ्याली. तेवढंच लागलंय बघा."

पत्र लिहा, असे मी सुचवले. दोनदा लिहिले होते म्हणे. मास्तरीण चुका काढील म्हणून फाडून टाकले.

"मी गेलो तर आणखी घाबरंल. तुमी कर्जतचं. जाऊन एवढंच सांगा, आबा रागावलं नाय."

मी जातो म्हणालो.

एक दिवसाची रजा काढून मी गेलोही. चालताना ते तीन शब्द मी मनात घोळवत होतो. शाळेच्या कुडाशी उभा राहिलो. आत ती पाढे म्हणवून घेत होती. उंच, रुंद कपाळाची, थेट वडिलांची ठेवण. मला पाहून ती दारात आली आणि काय हवे, असे तिने विचारले. परक्या घरातली नाजूक गोष्ट, परकी बाई, आतून पाहणारी चाळीस मुले. मी म्हणालो, "लेण्यांकडे कसं जायचं?" तिने हात करून वाट दाखवली. त्या वाटेने मला बराच वेळ चालत राहावे लागले, कारण ती दारातच उभी होती.

पुढे दुकानात गेलो की मिस्त्री विचारीत, "मधला माणूस काय म्हणतो?" मी म्हणत असे, "चाललंय." पाटीविषयी विचारले आहे, असे मी स्वतःला पटवीत असे. पुन्हा रजा काढीन, असे दर महिन्याला ठरवीत असे.

थंडीच्या सुरुवातीला एकदा ते स्टुलावर टेकून धापा टाकत होते. मी उठताना म्हणाले, "ती काय बोलली नाय ना? असू दे. ऐकलं तरी तिनं."

तेव्हा सांगायला हवे होते. मी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. ते डोळे मिटून बसले होते. मी पिशवी उचलून बाहेर आलो.

पुढच्या आठवड्यात दुकान सलग चार दिवस बंद दिसले. शेजारच्या चहावाल्याने सांगितले की मिस्त्री गेले. लेकीला निरोप उशिरा मिळाला. ती पोहोचली तेव्हा सगळे आटोपले होते.

त्या रविवारी मी पाटी घेऊन वाडीवर गेलो. ती अंगणात होती. मी नाव सांगितले नाही. वर्तमानपत्र सोडून पाटी तिच्यापुढे धरली. तिने ती हातात घेऊन फिरवली. एका कडेला पुसायचा राहिलेला लाल ठिपका होता. त्यावर तिचा अंगठा थांबला.

"ही माझी बाटली," ती म्हणाली.

मग मी ते तीन शब्द सांगितले. कधी सांगायला सांगितले होते, तेही सांगितले. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले.

"लेण्यांची वाट विचारणारे तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो. पाटी पदरात धरून ती घरात गेली, आणि मी ती परत मागितली नाही.

पाटीचे काय झाले, हे पत्नीनेही कधी विचारले नाही. मशीन आणि त्या पाच कॅसेटी आमच्या कपाटात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. मशीन चांगले आहे. कॅसेटीही चांगल्या आहेत.