टेक्ससच्या विरुद्ध

अरविंद गेल्याचा फोन हॉस्पिटलनं मला केला. फॉर्मवर 'जवळचा नातेवाईक' म्हणून त्यानं माझं नाव लिहिलं होतं... पोटची मुलगी असताना. ह्यूस्टनला सुजाताला कळवायचं काम त्यामुळे माझ्यावर आलं. याला सहा आठवडे झाले, तरी तिचं ते "कधी?" कानांतून जात नाही.

लंडनच्या वेम्बलीत आम्ही पंचवीस वर्षं शेजारी. तो बसची वेळापत्रकं आखायचा आणि मतांच्या बाबतीतही तितकाच काटेकोर होता. सुजाता अमेरिकेतच वाढलेल्या नीलशी लग्न करून तिकडे गेली आणि या गृहस्थाला बेसबॉलचं वेड लागलं. सामने इथे अपरात्री लागत. तो ते टेप करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चहा-चिवड्याबरोबर बघायचो. खेळ अर्धामुर्धाच कळायचा, पण बाजू तर घ्यायला हवी! इराकच्या युद्धाविरुद्धच्या मोर्चात आम्ही दोघं लंडनभर कुडकुडत चाललो होतो. त्यानंतर अरविंदनं नियमच केला: ऑक्टोबरात बाद फेरी सुरू झाली की ज्या राज्यानं युद्धवाल्यांना मतं दिली, त्याच्या संघाला पाठिंबा नाही. उपासाला काय चालतं नि काय नाही यावर घरात खल व्हावा, तसा आम्ही एकेका राज्यावर खल करायचो. लायब्ररीतून मतांचे आकडे शोधून आणायचा उद्योग माझा. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी ह्यूस्टन अंतिम फेरीत पोचलं. टेक्सस... युद्ध पुकारणाऱ्या राष्ट्राध्यक्षाचं स्वतःचं राज्य. सुजाताचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. अरविंदनं स्पीकर लावला.

"बाबा, नीलचा धाकटा भाऊ आर्मीतून इराकमध्ये पोस्टेड आहे ना, त्याला आम्ही ईमेल करतोय, की होल फॅमिली ह्यूस्टनला चिअर करतेय. तुमचंही नाव टाकू?"

"माझं नको. तत्त्व म्हणजे तत्त्व."

"अहो बाबा, नुसती गेम आहे!"

"मग नाव कशाला हवं?"

मी मोठ्यानं हसलो. तिनं ते ऐकलं असणार.

ह्यूस्टन हरलं. आम्ही ईलिंग रोडवरच्या देशी मिठाईवाल्याकडून पेढे आणले. पुढच्याच महिन्यात नीलचा तो भाऊ गेला, रस्त्यात पेरलेल्या बॉम्बनं. सुजातानं दोन ओळींच्या ईमेलनं कळवलं आणि फोन करणं बंद केलं.

अरविंद त्यानंतरही सामने बघायचा, पण कुणाकडून ते विचारलं की म्हणायचा, "पोरं खेळतायत. खेळू देत." एकदा त्यानं रिसीव्हर उचलला, नंबर लावायला लागला. मी म्हटलं, "अरे, एवढ्यात नको. तिचा राग निवू दे." आयुष्यभर कुणाचं न ऐकणाऱ्या या माणसानं नेमकं माझं ऐकलं. मधूनमधून विचारायचा, "आता करू?" आणि मी दीडशहाणा सांगायचो, "थोडं थांब." अशी जवळजवळ तीन वर्षं गेली... याची मला लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

अंत्यसंस्कारानंतर सुजाता त्याच्या बैठकीच्या खोलीत अंगातला कोटही न काढता बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, त्याला थांबवल्याचंसुद्धा. वाटलं, चिडेल, निदान रडेल.

"मी पण वाटच बघत होते, काका," ती म्हणाली. "नीलला सांगून ठेवलं होतं, बाबांचा फोन आला तर मला झोपेतून उठव."