अण्णांची लपवलेली फाईल

आमचे वडील, म्हणजे अण्णा, अठ्ठ्याहत्तरीचे. आवाज असा की त्यांनी खोकावं आणि माकणीच्या धरणाचं पाणी हलावं. फक्त किडन्या थकलेल्या. त्या दुखण्याची बोटभर जाड फाईल धाराशिवच्या दवाखान्यानं दिलेली.

गेल्या वर्षी त्यांना लघवीला जळजळ, वर ताप. गावातल्या डॉक्टरांकडं निघताना मी फाईल काखेत मारली, तर अण्णा उंबऱ्यातच अडले.

"ठिव ती! जुनं दुखणं दावलं की लगेच धाराशिवला धाडत्यात. नवं तेवढंच सांगायचं."

मीही महाशहाणा. फाईल ज्वारीच्या कोठीत दडवली. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "शुगर, किडनी, काही जुना त्रास?"

"छे! बैल हायत बैल," मी म्हणालो. मग त्यांनी धडधाकट माणसाच्या हिशेबानं अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी जाहीर केलं, धरण फुटलंय! बाजा, पाटा-वरवंटा, म्हैस, सगळं गच्चीवर चढवा. म्हैस निम्मा जिना चढलीसुद्धा, खोटं सांगत नाही. बघायला निम्मं गाव लोटलं. "बाहेरचं लागलंय," शेजारच्या काकू म्हणाल्या. "लिंबू उतरवा."

मी पुढं झालो. "अण्णा, मी."

त्यांनी मला वरखाली न्याहाळलं. "कुण्या गावचे पाव्हणं तुमी?"

लिंबू राहिलं बाजूला. कोठीत खांद्यापर्यंत हात घालून फाईल काढली आणि अण्णांना रिक्षात घालून डॉक्टरांपुढं उभा राहिलो. पहिलं पान वाचताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. थकलेल्या किडनीत ते अंगात साचतं, आणि या वयात डोक्यात चढतं. आधी सांगितलं असतं तर दुसरं दिलं असतं, नाहीतर बेतानं."

त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि धाडलं धाराशिवलाच. तिथं रक्त तपासून औषध बदललं, डोस किडनीच्या मापानं बसवला. मी चार दिवस खाटेशेजारी बसून. खरं सांगतो, तेवढ्यात वजन वीस किलोनं उतरलं.

चौथ्या दिवशी ताप गेला. दुपारी अण्णांनी डोळे उघडले, माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि सगळा वॉर्ड दणाणला.

"दाढी का वाढीवलीस रं, गाढवा? कोण मेलंय?"

"कुणी न्हाय अण्णा," मी म्हणालो, "कुणीच न्हाय."