हळूमास्तरांचा शनिवार

मास्तरांच्या दाराला घंटा नाही. दोरी आहे. ती ओढली की आत टेबलावरचा लाल दिवा लागतो, मास्तर दार उघडतात आणि पहिला शब्द काढतात तो म्हणजे, "हळू." या नाही, बसा नाही. "हळू." बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांत जुने मोजे, ताटं-वाट्या सगळ्या प्लास्टिकच्या, आणि नळाच्या तोटीला बांधलेलं फडकं, म्हणजे थेंब गळला तरी वाजायला नको. अशा घरात परकं माणूस शिंकायलासुद्धा घाबरतं. इमारतीतल्या लोकांनी त्यांचं नाव हळूमास्तर ठेवलं ते काही उगाच नाही. कोणी तोंडावर म्हणतं, कोणी पाठीमागे. मास्तरांना दोन्ही ठाऊक आहे.

पूर्वी हे असं नव्हतं बरं का. मास्तर चांगले शिंपी होते. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन सकाळपासून असं धडधडायचं की खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावायचे. मग नऊ वर्षांपूर्वी आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आवाजापासून जपा. मोठा आवाज डोक्यात गेला तर हाल होतील." दुसऱ्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या हातून इस्त्री फरशीवर पडली. आतल्या खोलीत आईने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि जे किंचाळायला सुरुवात केली ते दोन दिवस. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. मशीनवर जाड चादर घातली, चादरीवर टीव्ही ठेवला आणि आवाज न होणारं एकच काम उरलं होतं ते धरलं, रफूचं.

"किती दिवस जपायचं?" हे डॉक्टरांना विचारलं होतं की. "पुढच्या तपासणीला बघू," म्हणाले. पुढच्या तपासणीपर्यंत ते डॉक्टर बदलून गेले. नव्यांनी गोळ्या तेवढ्या पाहिल्या, रक्तदाब पाहिला, आणि विचारायचं राहून गेलं. राहिलं ते नऊ वर्षं राहिलं. हसू नका. तुमच्या-माझ्या घरातही असं काहीतरी राहून गेलेलं सापडेल, नीट शोधलंत तर.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत न्यायचं. दिसलं तर ते रफू नाही, असं मास्तरांचं म्हणणं. खिडकीशी बसून दिवसभर मान मोडेपर्यंत हेच. मधूनमधून उठून आतल्या खोलीत डोकावायचं. आई भिंतीला टेकून बसलेली असायची. ती बोटांनी ग्लासाची खूण करायची, हे पाणी द्यायचे. ती तळहात पालथा करायची, हे पडदा ओढायचे. मायलेकांत बोलणं असं उरलंच नव्हतं. एकदा ताईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, स्थळसुद्धा आणलं होतं. बाई चांगली होती, मोकळी होती. कशावरून तरी खळखळून हसली, आणि मास्तर म्हणाले, "हळू." झालं, संपलं.

टीव्ही होता, पण आवाज शून्यावर. बटणावर चिकटपट्टी लावलेली. हल्लीचे पिक्चर असे बघायचे म्हणजे काचेपलीकडचं भांडण बघण्यातला प्रकार, नुसती तोंडं उघडतात नि मिटतात. मास्तर वैतागले. आणि मग वाचनालयाच्या तळच्या फळीवर त्यांना एक जुनी तबकडी सापडली. मूकपट. घरी लावला आणि मास्तर सुई हातात तशीच धरून दीड तास बसून राहिले. इथे ऐकायचं काही राहूनच जात नव्हतं! जे होतं ते सगळं पुढ्यात होतं. माणूस नुसता कप खाली ठेवायचा आणि कळायचं, हा आता या घरात परत येणार नाही. मास्तरांना वाटलं, या लोकांनी हे पिक्चर आपल्यासारख्या घरांसाठीच काढले असणार.

मग काय, वेडच लागलं. फळीवरचे सगळे संपले, तेव्हा ग्रंथपाल बाई बाहेरून मागवून देऊ लागल्या. रफू घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मास्तर कुजबुजत्या आवाजात सांगत, "अहो, हल्लीचे नट 'मला वाईट वाटतंय' असं बोलून दाखवतात. बोलायचं असेल तर चेहरा कशाला हवा? हात बघा जुन्यांचे, हात!" गिऱ्हाईक मान हलवायचं आणि कोट घेऊन पाय न वाजवता पसार व्हायचं. तबकडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'संगीतासह' असं छापलेलं असे. ते मास्तरांनी वाचलं होतं, पण मिठाईच्या खोक्यावरच्या रिबिनीइतकीच त्याला किंमत दिली होती.

त्यातला एक पिक्चर त्यांच्या जिवाचा. एक म्हातारा पोस्टमन. नोकरीचा शेवटचा दिवस, पिशवीत एकच पत्र, पत्ता अर्धा पुसलेला. दिवसभर दारं ठोठावत हिंडतो. शेवटी एका जिन्यावर एक बाई दार उघडते, पत्र घेते, वाचते. पत्रात काय आहे ते कधीच कळत नाही. कॅमेरा तिच्यावरून हलत नाही, आणि वाचता वाचता ती डावा हात उचलून चौकटीला टेकते. त्या हाताच्या कोपरावर, बाहीवर, बोटभर जागेत काहीतरी आहे. रेषा आहेत, उभ्या-आडव्या.

ते रफू आहे की फिल्मवरचे ओरखडे? नऊ वर्षांत मास्तरांनी तो पिक्चर साठ वेळा पाहिला असेल. टीव्हीच्या काचेला नाक लावून पाहिला. भिंग लावून पाहिला, तर नुसते ठिपके दिसले. रफू असेल तर ते कोणातरी शिंप्याने, कुठल्यातरी खोलीत मान मोडून केलेलं होतं, आणि त्या बाईने ते लपवलं नव्हतं, कॅमेऱ्यापुढे उचलून धरलं होतं. मास्तरांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट कळायची बाकी होती म्हणा ना.

आणि एक दिवस लाल दिवा लागला. दारात ग्रंथपाल बाई, हातात कसर लागलेली शाल. "हळू," मास्तर म्हणाले. बाई तितक्याच हळू म्हणाल्या, "तुमचा पोस्टमन आम्ही शनिवारी चारला लावतोय. खालच्या दालनात. मोठ्या पडद्यावर, भिंतभर."

भिंतभर म्हणजे तो कोपर केवढा होईल! धागा मोजता येईल. पण आईजवळ कोण बसणार? एकच माणूस होतं, ताई, आणि ताईचा आवाज असा की तिने घरात चहा मागितला तर शेजारच्यांनी आधण ठेवावं. मास्तरांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी जिन्यात जाऊन तिला फोन लावला.

"नऊ वर्षांत दूध, औषधं आणि ते वाचनालय सोडून कुठे गेला आहेस रे तू?" ताई फोनमधून कडाडली. "जा! मी बसते. आई काय फक्त तुझीच आहे?"

शनिवारी मास्तरांनी तिला पुठ्ठ्यावर सूचना लिहून दिल्या. चपला बाहेर. फोन मुका. बोलायचं नाही, खुणा करायच्या, खुणा खाली काढून दाखवल्या आहेत. ताईने पुठ्ठा वाचला, भावाकडे पाहिलं आणि चपला बाहेर नेऊन ठेवल्या. मास्तर आईच्या खोलीत गेले. बोटांनी दोनाची खूण केली, दोन तासांत येतो. आईने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि हाताने 'जा, जा' केलं. दारातून त्यांचा पाय निघेना, तेव्हा ताईने अक्षरशः ढकललं.

वाचनालयाच्या दालनात चाळीसेक खुर्च्या होत्या आणि एकीच्याही पायात मोजे नव्हते. लोक त्या फरफटत ओढत होते, मोठ्याने हाका मारत होते. मास्तर जीव मुठीत धरून तिसऱ्या रांगेत बसले. अंधार झाला. भिंतभर उजेड पडला आणि त्यात तो पोस्टमन, माणसापेक्षा मोठा. मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्याच्या कोटाची बटणं दोन वेगळ्या दोऱ्यांनी शिवलेली होती! हे टीव्हीवर कुठे दिसलं होतं?

आणि कोपऱ्यातून पियानो सुरू झाला.

मास्तर दचकले. त्यांना वाटलं, कोणाचा तरी चुकून हात पडला. पण नाही, पडद्याशेजारी एक सडपातळ गृहस्थ बसून वाजवतच होते. पोस्टमन चालला की पियानो चालायचा. दार ठोठावलं की तोही ठोठावायचा. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे खुशीत होते, शेजारचा तर पायाने ठेका धरत होता. मास्तरांच्या कानशिलात ठणका सुरू झाला. त्यांनी कानांवर हात ठेवले, रुमाल कोंबला. कसाबसा तास काढला. डोळे पडद्यावर आणि जीव आतल्या खोलीत, कारण कुठेही मोठा आवाज झाला की त्यांना आईचं ते किंचाळणंच ऐकू यायचं. अजून थोडंच, अजून थोडंच, असं म्हणत राहिले.

शेवटचा जिना आला. दार उघडलं. बाईने पत्र घेतलं. आता ती हात उचलणार, आणि त्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी असा काही जोर लावला की दालन भरून गेलं.

मास्तर खाडकन उभे राहिले आणि ओरडले, "अहो, हळू!"

नऊ वर्षांत ते एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. पियानो थांबला. चाळीस माणसं त्यांच्याकडे वळली, कोणीतरी फिस्सकन हसलं. ग्रंथपाल बाई मागच्या दारातून लगबगीने आल्या. मास्तर त्यांच्याकडे वळून हात जोडू लागले. "माफ करा बाई, तोंडातून गेलं. पण मूकपटात हे कशाला घातलंत?"

"घातलं नाही हो मास्तर," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "हे असंच असायचं. तेव्हासुद्धा थिएटरात वाजवणारे बसायचेच. हे पिक्चर तसे मुके कधी नव्हतेच."

"कधीच?"

"कधीच नाही."

मास्तर पुन्हा वळले तेव्हा पडद्यावर 'समाप्त' होतं. त्यांची माफी मागून होईपर्यंत पिक्चर चालूच राहिला होता. अगदी त्यांना हवा तसा, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत, भिंतभर. त्या बाईने हात उचलला असेल, कोपर चौकटीला टेकला असेल, आणि चाळीस जणांतल्या ज्या एकट्याला ते बघायचं होतं तो पडद्याकडे पाठ करून उभा होता. आता बोला!

"शेवट पुन्हा लावू का?" बाईंनी विचारलं. वाजवणारे गृहस्थही भले माणूस, हात मांडीवर ठेवून मास्तरांकडेच बघत होते. 'लावा, पण वाजवू नका,' एवढंच म्हणायचं होतं. पण चाळीस माणसांच्या देखत ते कोणत्या तोंडाने म्हणणार? मास्तरांनी नको म्हणून मान हलवली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली आणि निघाले.

इमारतीच्या जिन्यावर त्यांना गाणं ऐकू आलं. कोणाच्या घरी एवढ्या मोठ्याने, म्हणत ते चिडून दोन-दोन पायऱ्या चढले. गाणं त्यांच्याच घरातून येत होतं. दार लोटलेलं होतं. आतून ताईचा आवाज आला आणि त्यावर कोणीतरी हसलं. ते हसणं त्यांना पटकन ओळखूही आलं नाही. आई हसत होती.

"अगं, मग सांगायचं नाहीस का?" ताई म्हणत होती. "कधीपासून दुखत नाही?"

"झाली की पाच-सहा वर्षं." आईचा आवाज घोगरा झाला होता, न वापरल्यामुळे. "सांगणार होते. पण तोवर त्याला गोडी लागली होती ना त्याची. काम तसलं मुकं, पिक्चरही मुकेच. एवढंच एक सुख आहे पोराला. मी बडबड करून ते कशाला मोडू? बसते आपली गप्प."

"इतकी वर्षं?"

"दिवस जातात गं. वाढव जरा, हे कडवं छान आहे."

मास्तरांनी दार ढकललं. बिजागरी अर्थातच वाजली नाही. आई पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, गालांवर रंग चढलेला, बोटं हातावर ठेका धरत होती. मुलगा दिसताच तिची बोटं थांबली. चोरी पकडल्यासारखी ती ताईला म्हणाली, "बंद कर, बंद कर. त्याला आवाज सहन होत नाही."

"असू दे, आई," मास्तर म्हणाले. मनापासून म्हणाले. "चालू दे. बोल तू. मोठ्याने बोल."

पण कडव्यातला वरचा सूर लागला आणि त्यांचा हात आपसूक कानशिलाकडे गेला. त्यांनी तो मध्येच आवरला, पण आईने पाहिला. नऊ वर्षं ती त्यांचे हातच तर बघत आली होती. तिने ताईला तळहाताने खूण केली.

ताईने फोनवरचं गाणं बंद केलं. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि खरं सांगतो, मास्तरांना बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचंच मग त्यांना रडू आलं.