आवाज आला तर स्वप्न

शैला गेली हे प्रभाकररावांनी सकाळी मला फोनवर सांगितलं आणि तासाभरात ते आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत आलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेतच कुणीतरी विचारलं, आज पाण्याचा टँकर येणार आहे का? मला संताप आला आणि मागोमाग हसूही आलं, कारण शैलानं याची अशी काही नक्कल केली असती की विचारणाऱ्यालाही हसू आवरलं नसतं. मग आठवलं, नक्कल करायला तिच्याकडे आवाजच कुठे होता... आता महिना उलटून गेला. तिच्याबद्दल लिहा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. सगळ्यांना तिचा आवाज आठवतो. मला आठवतो तो आवाज गेल्यानंतरचा काळ, आणि तो सांगायला सोपा नाही.

शैला मूळची नागपूरची. नवऱ्याच्या, प्रभाकररावांच्या, बदलीबरोबर बेंगळुरूला आली आणि बेळ्ळंदूरला आमच्या समोरच्या दारात राहायला लागली. ग्राहकांशी फोनवर कसं बोलायचं, हे नव्या पोरापोरींना शिकवणं ही तिची नोकरी. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत निवेदन तिचंच. माइक बंद पडला तरी तिचं अडत नसे. मी निपाणीकडची, माझं मराठी कानडी हेलाचं. "सुमन, तू बोलून राहिलीस की भांडून राहिलीस?" असं ती विचारायची. "भांडतोय की! तुला काय करायचंय?" असं मी म्हटलं की खूश व्हायची. आमच्या कचेऱ्या एकाच रस्त्यावर, त्यामुळे रोजची कॅबही एकच. सिल्क बोर्डच्या चौकात गाड्या तुंबल्या की लोक कपाळाला हात लावतात. आम्हाला मात्र तो गप्पांना मिळालेला वाढीव वेळ वाटे.

मग घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागलं आणि गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास सुरू झाला. जीव वाचला म्हणून आम्ही पेढे वाटले, तिनं ते वाटू दिले. गळ्याला टेकवून बोलायचं एक बॅटरीवरचं यंत्र मिळालं होतं. ओठ हलवले की त्यातून एक घरघरता, सपाट आवाज येई. तिनं ते एकदा लावलं, प्रभाकररावांकडे बघून "अहो" म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. त्यानंतर ती नुसते ओठ हलवायची. प्रभाकरराव आणि मी ते वाचायला शिकलो. इतरांसाठी ती मोबाइलवर टाइप करी. कंपनीनं तिला काढलं नाही, नवं काम दिलं. ग्राहकांशी झालेली संभाषणं ऐकायची आणि बोलणाऱ्याला गुण द्यायचे. माणुसकीनं दिलेली गोष्टही किती टोचू शकते, हे मला तेव्हा कळलं.

स्वप्नांबद्दल तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. स्वप्नात तिला आवाज होता. ती तिथे बोलायची, रागवायची, भाजीवाल्याशी घासाघीस करायची. पण स्वप्न चालू असताना तिला त्याचं काहीच अप्रूप वाटत नसे, कारण आवाज गेलाय हे तिथे ठाऊकच नसायचं. "जेवण झाल्यावर कुणीतरी सांगावं की ताटात श्रीखंड होतं, तसं होतं बघ," ती म्हणाली. तिला ते श्रीखंड जिभेवर असताना कळायला हवं होतं. त्यासाठी तिनं एक मास्क मागवला. डोळ्यांवर बांधायची जाडसर पट्टी, तिच्या आत बारीक लाल दिवे. स्वप्न पडताना मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. ती हालचाल ओळखून दिवे हलकेच लुकलुकतात. झोप मोडू नये आणि उजेड मात्र स्वप्नात झिरपावा, अशी कल्पना. तिथे तो मास्कचा दिवा म्हणून दिसत नाही. तो कधी निरांजन होतो, कधी पुढच्या गाडीचा दिवा. तो दिसला की माणसानं ओळखायचं, अरे, हे स्वप्न आहे. मला ही सगळी थेरं वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

पण तो उजेड स्वप्नात ओळखू यायचा तर जागेपणी सवय लावावी लागते. लाल दिवा दिसला की थांबायचं, मी जागी आहे की स्वप्नात असं स्वतःला विचारायचं आणि तपासून बघायचं. कसं तपासायचं, हे प्रत्येकानं आपलं ठरवावं. कुणी हाताची बोटं मोजतं, कुणी पाटी दोनदा वाचतं, कारण स्वप्नात बोटं आणि अक्षरं एकसारखी टिकत नाहीत म्हणे. शैलानं काय ठरवलं होतं, ते मला कॅबमध्ये समजलं. सिग्नल लाल झाला, पुढे गाड्यांचे मागचे दिवे पेटत गेले आणि तिनं खिडकीकडे तोंड करून ओठ उघडले. गळ्याची शीर ताठ झाली. क्षणभर ती तशीच राहिली, मग मान किंचित हलवून मांडीवरच्या पर्सकडे बघू लागली. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. आमच्या ड्रायव्हरनं, मंजुनाथनं, आरशातून बघून मला हळूच विचारलं, "अक्का, मेडम जप माड्तारा?" जप करतात का म्हणून. मी "हौदु", हो, म्हणून वेळ मारून नेली. उतरल्यावर तिला विचारलं, तेव्हा तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं, "बोलून बघते. आवाज आला तर स्वप्न. नाही आला तर जागी."

तिच्या चिकाटीला यश आलं, हे कबूल करायला हवं. कित्येक आठवडे त्या दिव्यांनी नुसती झोपमोड केली. मग एका सकाळी ती आमच्या दारात उभी राहिली, डोळे सुजलेले आणि चेहरा फुललेला. स्वप्नात ती मंडळाच्या हॉलमध्ये होती आणि सगळ्या ट्यूबलाइट लाल होऊन लुकलुकायला लागल्या. तिनं तोंड उघडलं आणि स्वतःचं नाव घेतलं. आवाज आला. तिला इतका आनंद झाला की त्या आनंदानंच जाग आली! मग तिनं स्वप्नातही शांत राहायची तालीम सुरू केली. एका शब्दावरून वाक्यापर्यंत पोचली. एकदा तिनं तिथे प्रभाकररावांना हाक मारली. हे ऐकून त्यांनी अगदी अधीर होऊन विचारलं, "मग मी काय म्हणालो?" शैला ओठांनी म्हणाली, "काही नाही. तुम्ही पेपर वाचत होता. वर पाहिलंच नाही." आम्ही तिघंही हसलो. पण त्या दिवसापासून त्या भल्या माणसानं तिच्यासमोर पेपर उघडला नाही.

त्यांनीच मग मला गळ घातली. "सुमनताई, तिला ते यंत्र लावायला सांगा ना. झोपेत बोलते आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरल्यासारखी राहते. मी जागेपणीच भेटतो हो तिला." त्यांचं खरं होतं. तिची झोप पुरी होत नव्हती, दुपारपासून ती रात्रीची वाट बघायची. पण मला खुपत होतं ते वेगळंच. बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर लाल दिव्यांना काय तोटा? एका फेरीत ती कितीदा ओठ उघडायची आणि दर वेळी तिचा आवाज नव्यानं जायचा. आमच्या दृष्टीनं तो एकदाच गेला होता. शेवटी मी तिला सुनावलंच. "दुसरं काहीतरी तपास की गं. बोटं मोज. कशाला स्वतःचा असा छळ मांडलायस?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून, ओठ हलवले. "बोटं आहेतच माझी. ती मोजून काय करू?" मग म्हणाली, "आणि प्रत्येक वेळी वाटतं, आता येईल."

आजार परतला तो फुप्फुसात. मास्क घरीच राहिला. शेवटच्या दुपारी मी हॉस्पिटलमध्ये तिच्याजवळ होते, प्रभाकरराव औषधं आणायला खाली गेले होते. ती गुंगीत होती. मध्येच तिनं डोळे उघडले आणि तिची नजर बोटाला लावलेल्या चिमट्यावर गेली. प्राणवायू मोजायच्या त्या चिमट्यात लाल उजेड होता. ती काय करणार, हे मला कळलं. तिनं ओठ उघडले, शीर ताठ झाली. खोलीत यंत्राच्या टिकटिकीशिवाय आवाज नव्हता. पण या वेळी तिची मान हलली नाही. चेहरा उजळत गेला आणि ती बोलतच राहिली. त्यातला "अहो" मला वाचता आला, बाकी काही नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी स्पष्ट विचारलं, "ऐकू आलं ना?"

नाही म्हणावं तर ती जागी, त्या नळ्यांमध्ये. हो म्हणावं तर मी तिला सांगत होते की हे सगळं स्वप्न आहे, मीसुद्धा. तिच्या हिशेबानं जागं झाल्यावर ती कुठे असणार होती... एवढा विचार तेव्हा केला असं नाही, तो आता रोज करते. तेव्हा मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आलं. खणखणीत." तिनं समाधानानं डोळे मिटले.

मागे पावलं वाजली. प्रभाकरराव औषधांची पिशवी घेऊन उभे होते. "काही म्हणाली का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तुम्हाला हाक मारली. "केव्हा?" ते म्हणाले, "मी दारातच होतो. मला ऐकू नाही आली." आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, तिच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं ओ दिली.