जिन्याचा एकुलता एक खिळा

मिठी नदी जिथे माहीमच्या खाडीला मिळते, त्याच्या जरा अलीकडे एका गिरणीमालकाचा जुना बंगला आहे. आत सागवानी जिना आहे आणि त्याच्या खालच्या सात पायऱ्यांत एकही खिळा नाही. शेजारच्या खांबाला एक आहे, पण तो बिनकामाचा. उपटून फेकला तरी काही हलणार नाही. आणि गंमत बघा, आज तिकीट काढून आत येणाऱ्यांना टॉर्च मारून दाखवतात तो नेमका हाच खिळा.

मी हे छातीठोकपणे सांगते, कारण तो जिना माझ्या वडिलांनी केलाय.

बाबा परळच्या गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी म्हटलं की लोकांना फक्त कापड विणायचे साचे आणि भोंगा आठवतो. पण साच्यांचे लाकडी भाग, पेट्या, दारं, सायबांची टेबलं, हे सगळं काय आभाळातून पडायचं? मालवणहून आलेली पाच-सहा माणसं दिवसभर ते करत बसायची. त्यातले बाबा. आम्ही चाळीत एका खोलीत वाढलो. आता गिरणी गेली, चाळ गेली, आणि तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. मी सरकारी ऑफिसातून कारकून म्हणून रिटायर झालेली, बाबा नव्वदीला टेकलेले. दिवसभर खिडकीशी बसून असतात. गुडघे गेलेत, डोकं अजून खणखणीत आहे.

गिरणी आणि तो बंगला एकाच शेठचे. शेठच्या आजोबांनी तो बांधला, तेव्हा तिकडे धड रस्ता नव्हता. मालक मंडळी होडीने यायची. म्हणून बंगल्याचं खरं तोंड नदीकडे. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, वर मोठी कमान, कमानीत रंगीत काचा, आत विलायती लाद्यांचा दिवाणखाना. पुढे नदीचं जे काय झालं ते सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. वास यायला लागला तशी मालकांनी घराची पाठ नदीकडे फिरवली, रस्त्याच्या बाजूला नवा पोर्च काढला आणि नदीकडचं दार नोकरांना दिलं. म्हणजे आम्ही गिरणीची माणसं कमानीखालून, मूळच्या राजदरवाजाने आत जायचो आणि शेठ मात्र परसदाराने. बाबांना ह्याचं भारी कौतुक. सांगताना दरवेळी हसायचे, आणि आम्ही शंभरदा ऐकलेलं असूनही हसायचो.

पण नदीने काही पाठ फिरवली नाही. पावसाळ्यात मोठी भरती आली की पाणी सरळ दिवाणखान्यात. जिन्याच्या खालच्या पायऱ्या कुजायच्या. शेठने बड्या कंत्राटदाराकडून दोनदा बदलून घेतल्या, दोन्ही वेळा चार पावसाळ्यांत लाकडाचा भुसा झाला. शेवटी त्यांनी गिरणीतून बाबांना बोलावलं. बाबांनी आठवडाभर नुसतं बघितलं. मग म्हणाले, पाणी काय आपलं ऐकत नाही, तर पायऱ्यांनीच वर जावं.

आणि तसंच केलं. सात पायऱ्या, प्रत्येक फळी दोन्ही बाजूंच्या खाचांत सरकवलेली, खालून लाकडी पाचर मारून घट्ट केलेली. पाचरीवर उलटा ठोका दिला की फळी हातात. पाणी यायचं चिन्ह दिसलं की दोन माणसं पाव तासात सगळ्या पायऱ्या काढून वरच्या गॅलरीतल्या आकड्यांना टांगायची. पाणी ओसरलं, फरशी धुतली, की पुन्हा जागच्या जागी. चार महिने लागले ह्याला. मी तेव्हा दहा वर्षांची. रविवारी आई डबा द्यायची आणि मी तो घेऊन मोठ्या भावाबरोबर जायचे. बाबा उकिडवे बसून एकेक खाच बोटाने चाचपत असायचे. जेवण निवून जायचं.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. काम पुरं झालं की हत्यारांना हळदकुंकू, नारळ, आणि शेवटचा खिळा ज्याची वस्तू त्याने स्वतःच्या हाताने मारायचा. मग ती वस्तू त्याची झाली. कपाट असो नाहीतर देव्हारा, रीत म्हणजे रीत. आता आली का पंचाईत! ह्या कामाला खिळाच नव्हता. शेठ फोटोग्राफर घेऊन येणार, आणि मारणार काय? बाबांनी रातोरात काही शोधून काढलं नाही, सरळ कडेच्या खांबाला पेन्सिलने एक फुली मारली आणि शेठला म्हणाले, इथे मारा. शेठने जन्मात हातोडी धरलेली नव्हती. तेव्हा खिळा बाबांनी चिमटीत धरला, शेठने हातोडी उचलली आणि फोटो निघाला. मी नारळाचा तुकडा चघळत बघत होते.

हे सगळं मागे पडलं होतं. बंगला बरीच वर्षं कुलपात होता. मग कुठल्याशा कंपनीने तो डागडुजी करून लोकांना दाखवायचं ठरवलं, आणि गेल्या वर्षी त्यांच्याकडची एक मुलगी आमच्या घरी आली. जुन्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत फिरत होती. हुशार मुलगी, बोलणं स्वच्छ, अगदी शिवाजी पार्कातलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी कांदेपोहे केले, शोकेसमधले कप काढले. दोनेक तास चाललं असेल. ती गेल्यावर बाबांनी शर्ट काढून त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, "माझा नाव लिवतील काय गो, जिन्याकडे?"

जन्मात ह्या माणसाने काही मागितलेलं नाही. गिरणी बंद पडली तेव्हाही मोर्च्यात मागे चालायचे. मी म्हटलं, लिहितील म्हणजे काय, लिहायलाच पाहिजे. त्यानंतर दर आठवड्याला त्यांचं तेच. उघडला काय बंगला? पेपरात आला काय? मी वैतागून म्हणायचे, उघडला की सांगीन ना बाबा, कितीदा विचाराल.

उघडला. बाबांना टॅक्सीत घालून न्यायचं तर आधी आपण बघून यावं म्हणून मी एकटी गेले. निघताना त्यांना सांगितलं, तर म्हणाले, फोटो काढून आण मोबाइलवर.

तिकीट काढलं. आत एसी. स्वयंपाकघराचं कॅफे केलंय, आमच्या आख्ख्या महिन्याच्या दुधाच्या पैशात दोन कॉफ्या येतील. नदीकडच्या कमानीला जाड काच लावून टाकलीय, वास नको म्हणून. आणि जिन्याला दोरी बांधलेली, चढायला मनाई. लाकडाला असं पॉलिश केलंय की वर्खाची मिठाई वाटावी. भिंतीवर तो फोटो पुरुषभर मोठा करून लावलेला. खाली पाटी, मराठीत आणि इंग्रजीत. नदीच्या पुरावर मात करणारा हा जिना शेठनी स्वतःच्या कल्पनेने घडवला आणि स्वतःच्या हाताने पुरा केला.

फोटोत शेठ हसतायत, हातोडी उगारलेली. खिळा धरायला दोन बोटं. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. ते माझ्या बाबांचं नख आहे, लहानपणी ह्याच अंगठ्याला धरून मी रस्ता ओलांडायचे. बाकीचे बाबा फोटोच्या बाहेर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाइड पोरगा दहा-बारा माणसांना खिळा दाखवत होता, शेठ किती साधे, किती कष्टाळू वगैरे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, त्या शेठला फळी आडवी का उभी ते कळत नव्हतं. माणसं माझ्याकडे बघायला लागली, एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. पोरगा बिचारा म्हणाला, मॅडम, ऑफिसात बोला.

ऑफिसात बोलायला मी तयारच होते. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेत मी, कुठल्या कागदावर कुठे बोट ठेवायचं ते मला कोणी शिकवू नये. आत तीच मुलगी बसलेली. मला ओळखलं, उठून उभी राहिली, पाणी दिलं. मी पाण्याला हात लावला नाही. म्हटलं, आमच्याकडे येऊन दोन तास पोहे खाल्लेस, माझ्या वडिलांनी सगळं ओकून दिलं, आणि पाटीवर काय लिहिलंस? गरीब माणूस दिसला की त्याच्या कामावर मालकाचं नाव टाकायचं, ही कुठली संशोधनाची पद्धत? आणखीही बोलले. चांगलं तोंडसुख घेतलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली की पाटी तिनेच लिहिलीय, पण बाबांच्या तोंडचंच लिहिलंय. मी म्हटलं, शक्यच नाही. तिने कॉम्प्युटरवर काहीतरी शोधलं आणि हेडफोन माझ्याकडे दिले.

बाबांचा आवाज. होडीने येणारे आजोबा, कमान, राजदरवाजा, आणि मग त्यांचं ते हसणं. मलाही तिथे बसल्या बसल्या हसू आलं. पुढे ते म्हणाले, "आणि जिना... तो जिना मी..."

तेवढ्यात कपबशा वाजल्या आणि एक बाई म्हणाली, "बाबा, तुमचं सुतारकाम नका सांगत बसू. त्यांना बंगल्याचा इतिहास हवाय. शेठचं सांगा."

ती बाई मी. आवाज असा गोड, जरा जास्तच शुद्ध. ऑफिसात साहेबांसमोर लावायचे तो.

मग काही वेळ नुसती पंख्याची घरघर. त्यानंतर बाबा म्हणाले, "होय होय. जिना शेठनी केला. त्यांनीच खिळा मारला शेवटचा. रीतच होती तशी."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मला हे बोलल्याचं आठवतसुद्धा नव्हतं, हेच मला जास्त लागलं. आठवणार तरी कसं? इतकी सवय झालेली. तीस वर्षं दादरच्या, गिरगावच्या शिकल्यासवरल्या बायकांबरोबर डबा खाल्ला आणि वडील काय करतात विचारलं की मी म्हणायचे, गिरणीत मेंटेनन्सला. सुतार हा शब्द एकदाही तोंडातून निघाला नाही. ती मुलगी घरात आली आणि मी तिच्या कानांनी बाबांना ऐकायला लागले. मला लाज वाटली. बाबांची. आणि शेठच्या नावाने खडे फोडायला मी तिकीट काढून गेले होते!

मुलगीच म्हणाली, मजकूर मालकांच्या घरच्यांनी मंजूर केलाय, आता बदलणं कठीण आहे, पण मी विचारून बघते. तिचा आवाज खरा वाटला. मी पाणी प्यायले आणि निघाले. फोटो काढायचा राहिलाच.

घरी आले तर बाबा खिडकी सोडून दाराकडे तोंड करून बसलेले. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. मी चपला काढायला उगाच वेळ लावला. मग म्हटलं, रेकॉर्डिंग खराब झालं होतं बाबा, जिन्याचं त्यांना नीट ऐकूच आलं नाही, म्हणून राहिलं नाव.

त्यांनी मान हलवली. "जाऊंदे गो," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात गेले, काही न करता परत आले. टेबलावरची वही घेतली आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले. ऊन खाली गेलं होतं, त्यांचा हात मांडीवर होता, चिरलेलं नख वर. मी म्हटलं, बाबा, मला सांगा ना, जिना कसा केलात. पहिल्यापासून. मी लिहून घेते.

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मधी बोलणार नाय ना?" त्यांनी विचारलं.