उतारावरच्या घराची राखणदारीण

आमच्या घरमालकाने भाड्याचं घर विकायला काढलं, तेव्हा सासूबाईंना अकोल्याहून आयर्लंडमधल्या कॉर्कला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. तीन महिने लेकीकडे आराम करायचा असं ठरवून आलेल्या त्या बाईंना दर शनिवारी आमच्याबरोबर छत्री धरून रांगेत उभं राहावं लागलं.

कॉर्कमध्ये घर बघायला जायचं म्हणजे रांग आलीच. विकाऊ घराचं दार शनिवारी अर्धा तास उघडतं. एजंट दारात हसतमुख उभा असतो आणि आत दहा-बारा जोडपी एकमेकांच्या कोपरांतून वाट काढत फिरत असतात. सगळे एकमेकांना 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे 'मस्त, मस्त', म्हणतात आणि मनातल्या मनात समोरच्याचं कर्ज नामंजूर व्हावं म्हणून देवाला साकडं घालतात. घर आवडलं की एजंटला आपली बोली कळवायची, मग कोणीतरी त्यावर चढी बोली लावतो. अशी तीन घरं आमच्या हातून गेली होती. माझी बायको औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासते, त्यामुळे तिला खोटं अजिबात चालत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. मला चालतं, पण जमत नाही.

सासूबाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. इंग्रजी त्या वाचतात, पण कॉर्कची इंग्रजी गाण्यासारखी वरखाली होत जाते, ती त्यांच्या डोक्यावरून जायची. म्हणून पहिल्याच घरात त्यांनी माणसांशी बोलण्याऐवजी थेट घराचीच तपासणी सुरू केली. भिंतीवर बोटांनी टकटक केलं, नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघरातलं कपाट उघडून आत डोकं घातलं आणि हुंगलं. मग वरच्या मजल्यावरून उतरताना असा काही चेहरा केला, की मागचं तरुण जोडपं जागीच थांबलं, आपसात कुजबुजलं आणि निघून गेलं.

"आई, काय गं? ओल आहे का?" बायकोने हळूच विचारलं.

"कायची ओल? जिन्यानं माहा गुडघा धरला."

मला मात्र त्या गुडघ्यात मोठी संधी दिसली. पुढच्या घरी मी त्यांना मुद्दाम तीनदा जिना चढायला लावला. त्यांच्या मागे उभं राहून छताकडे बघत जोरजोरात सुस्कारेही सोडले. बायकोने मला चिमटा काढला तो अजून आठवतो. तेही घर गेलंच, कारण ज्याने ते घेतलं तो घर बघायला आलाच नव्हता, त्याने फोटो पाहून बोली लावली होती.

मग आलं उतारावरचं घर. नदीच्या उत्तरेला, चढताना धाप लागेल अशा गल्लीत, एकमेकांना खेटून उभ्या घरांमधलं हे एक. मागे छोटं अंगण, कपडे वाळत घालायची दोरी आणि शेजारच्या अंगणाशी कमरेइतकी ठेंगणी भिंत. स्वयंपाकघरात ऊन येत होतं. सासूबाईंनी टकटक केलं नाही की हुंगलं नाही. खिडकीपाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "हे घ्या." आम्हालाही नेमकं तेच वाटत होतं.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा बघायला गेलो. बाहेर रांगेत लोकरी टोपी घातलेली, सत्तरी ओलांडलेली, मागच्या वेळी आमच्या नजरेतून सुटलेली एक आयरिश बाई होती. पुढच्या जोडप्याला ती सांगत होती, "मागच्या खोलीत पाणी येतं, असं ऐकलंय हं मी." त्यांच्या मागच्यांना म्हणाली, "चिमणीत कावळे आहेत. पहाटे चारपासून सुरू होतात." आमची पाळी आली तेव्हा आवाज खाली आणून म्हणाली, "पलीकडच्या घरात एक जण बॅगपाइप शिकतोय. तीन वर्षं झाली, अजून पहिलंच गाणं चाललंय."

माझा चेहरा पडला. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणते ते बाई?" मी सांगितलं. त्यांनी त्या बाईला टोपीपासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"जावई, तुम्ही इंजिनेर कसे झाले? खाली पाहा बरं."

मी पाहिलं. सकाळपासून पाऊस होता. आमचे सगळ्यांचे बूट चिंब झाले होते. त्या बाईच्या पायात घरात घालायच्या मऊ लोकरीच्या चपला होत्या आणि त्या जवळजवळ कोरड्या होत्या.

"ते काही घर घ्याले नाही आली. ते इथंच राहते, बाजूले."

मी काही म्हणायच्या आत सासूबाई रांग सोडून तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एक बोट तिच्या चपलांकडे केलं, दुसरं शेजारच्या दाराकडे आणि मग कॉपी करताना सापडलेल्या पोराला दाखवतात तसं तिसऱ्यांदा तिच्या नाकापुढे नाचवलं. बाई लालबुंद झाली. आणि मग खोकला येईपर्यंत हसली.

"चहा घेणार का?" तिने विचारलं. हे मात्र सासूबाईंना लगेच समजलं.

तिच्या स्वयंपाकघरात आम्हाला सगळं कळलं. शेजारच्या घरात तिची मैत्रीण चाळीस वर्षं राहिली होती. दोघी त्या ठेंगण्या भिंतीवरून कपबशा, साखर, नवऱ्यांच्या तक्रारी असं सगळं इकडून तिकडे करायच्या. आता मैत्रीण दूर ट्रली गावी लेकीजवळच्या वृद्धाश्रमात होती आणि लेक घर विकत होती.

"कोणी तरी येऊन खोल्या भाड्याने देणार आणि मधे सहा फुटांचं कुंपण घालणार," ती म्हणाली. "म्हणून दोन महिने मी दर शनिवारी रांगेत उभी राहते. कावळे नाहीत. बॅगपाइपही नाही. तो मला चहा करता करता सुचला."

"विचारा तिले, कुत्रं आहे काय?" सासूबाई म्हणाल्या.

कुत्रं नव्हतं. सासूबाईंना घर आणखी पसंत पडलं.

मग त्या बाईने प्रस्ताव ठेवला. तुम्ही बोली लावा, बाकीच्यांना मी पळवून लावते, माझ्याकडे अजून उंदीर आणि भूत शिल्लक आहेत. मला तर प्रस्ताव एकदम मान्य होता. बायकोने कप खाली ठेवला.

"नाही. खोटं सांगून घेतलेल्या घरात मला झोप यायची नाही. तुम्ही हे थांबवलंत तरच आम्ही बोली लावू."

बाईने आमच्या कपांत आणखी चहा ओतला. "बरं," ती म्हणाली, "यापुढे फक्त खरं सांगेन."

तिने शब्द पाळला. पुढच्या शनिवारी ती रांगेत उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "चढ फार आहे. बस वेळेवर येत नाही. मी शेजारी राहते आणि मला बोलायला फार आवडतं. दिवसभर." त्या दिवशी तीन जोडपी घर न बघताच निघून गेली. बायकोला यात काही हरकत घेता येईना. ती फक्त माझ्याकडे रागाने बघत राहिली, जणू मीच शिकवलं होतं.

सोमवारी एजंटचा फोन आला. रांगेत कोणी बाई लोकांना घाबरवतेय, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हणालो, तिथे एक बाई भेटल्या, पण त्या आमच्याशी फार चांगलं वागल्या. हे शंभर टक्के खरं होतं.

शेवटी आम्ही आणि आणखी एक जोडपं एवढेच उरलो. ते जोडपं कशालाच भीत नव्हतं आणि त्यांची बोली आमच्यापेक्षा वर गेली. आमची ताकद संपली. बायको म्हणाली, जाऊ दे. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दोन दिवसांनी एजंटने कळवलं की घर आम्हाला देतायत. मला वाटलं, त्याने चुकीचा नंबर फिरवला. मग शेजारणीकडून कळलं. ती रोज संध्याकाळी मैत्रिणीला फोन करायची. आमच्याविषयी, विशेषतः नाकापुढे नाचलेल्या बोटाविषयी, तिने इतक्यांदा सांगितलं होतं, की मैत्रिणीने लेकीला बजावलं, "भिंतीच्या पलीकडे रोज राहायचंय ते माझ्या मैत्रिणीला. तिलाच ठरवू दे." लेकीने थोडा नफा सोडला आणि आईचं ऐकलं. आमच्या एकाही युक्तीचा तसूभर उपयोग झाला नव्हता.

वकिलांच्या कागदपत्रांत पुढचे चार महिने गेले. सासूबाईंचा व्हिसा आधी संपला आणि किल्ली न बघताच त्या अकोल्याला परतल्या. विमानतळावर त्यांनी मला बजावलं, "तिच्यासोबत मीच बोलत जाईन. तुम्ही मधात अर्धं सांगता अन् अर्धं खाऊन टाकता."

सामान आणायच्या दिवशी आमचा पलंग जिन्याच्या वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. सामान उचलायला आलेला एक जण वर अडकला, मी खाली. शेजारीण दारात उभी राहून चहा पीत होती.

"या जिन्यावरून आजवर एकही पलंग वर गेलेला नाही," ती म्हणाली. "सगळे खिडकीतून जातात."

"सगळे दोष सांगितलेत, मग हा का नाही सांगितलात?"

"हा जरा जास्तच खरा होता ना," ती म्हणाली. "हा ऐकून तुम्ही पळून गेला असता तर?"

शेवटी खिडकीची चौकट काढली, गल्लीतल्या चार जणांनी दोर धरले आणि पलंग वर गेला. हे सगळं फोनवर अकोल्याहून सासूबाई बघत होत्या. मी फोन शेजारणीच्या हातात दिला आणि घाम पुसायला आत गेलो. बाहेर आलो, तर ती अंगणातली, मी सकाळीच नव्याने बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी त्यांना दाखवत होती आणि दोरी चुकीच्या बाजूला बांधलीय यावर, एक इंग्रजीत आणि एक वऱ्हाडीत, दोघींचं पूर्ण एकमत झालं होतं.