कावळा बोलावणारे साडू

आमच्या साडूला मी घडवला, असं मी कर्जत तालुक्यात कुठंबी छाती ठोकून सांगतो. मला सवताला पायजम्याची नाडी धड बांधता येत न्हाई, ती गोष्ट येगळी.

साडू तसा लई साधा मानूस. बसलेला दिसला की बायको त्याला उठवून तिथं झाडून घ्यायची. एकदा आमच्या गावात एका दहाव्याला तासभर पिंडाला कावळा शिवंना. साडूची यष्टी निघायची येळ झाली हुती. त्यानं लोकांचा निरोप घ्यायला हात जोडलं, अन् त्याच टायमाला कावळा खाली आला. मी आपलं सवयीनं बोलून गेलो, "पाव्हण्यानं हात जोडलं अन् कावळा आला बघा." एरवी माझ्या फालतू इनोदाला हसनारी मानसं, त्या दिवशी एकबी हसलं न्हाई.

तवापासनं पार राहात्यापर्यंत कुठं कावळा अडला की साडूला न्यायला गाडी. पयलं पयलं तो सांगायचा, "मला काय येत न्हाई हो." लोकं म्हनायची, "जानता मानूस असंच बोलतो." मग हळूहळू तो तसाच झाला. तंबाखू सोडली. टोपी कडक इस्तरीची. बाजारात भाव करायचा बंद केला, कावळं बोलावनाऱ्यानं कोथिंबिरीवरनं भांडावं का, म्हनून. रोज सकाळी पत्र्यावर भाकरी टाकून कावळ्यांशी बोलायचा. शेजारनीच्या पापडावर घान पडायची, पन ती गप. तिची सासू लई म्हातारी हुती. बायको त्याला बसल्या जागी च्या द्यायला लागली.

मग माझा बाप गेला. आबांच्या दहाव्याला नदीकाठी पिंड मांडलं. बाभळीवर चार कावळं, खाली एक न्हाई. साडूनं हात जोडलं. कावळ्यानं फांदीला चोच पुसली. तास गेला. आई पान्याचा घोट घेईना. गुरुजी सारखं घड्याळ बघायला लागलं. अन् सगळा गाव पिंडाकडं न्हाई, साडूकडं बघत हुता.

मी पुढं झालो. "आबा, आईला संभाळीन." कावळं तसंच. "धाकल्याशी भांडनार न्हाई." दोन उडून गेलं. "दारू सोडली." उरलेलं बी गेलं.

साडू जोडलेल्या हातांनीच माझ्या कानाशी येऊन म्हनला, "हे तुमी चालू केलं. आज न्हाई शिवला तर उद्यापासनं मी कोन?"



शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. लोकं कुजबुजत उठली. "उगंच गाड्या पाठवत हुतो ह्यांना," एकजन बोललाच. साडूनं टोपी काढून खिशात घातली अन् खाली मान घालून रस्त्याला लागला. कुनीबी उठवावा असा दिसत हुता पाठीमागनं. बसल्या बसल्या मी एक मानूस उभा केला अन् माझ्याच बापाच्या दहाव्याला मोडला.

तेवढ्यात आई उठली. "पाव्हणं, थांबा. जेवल्याबिगर जायचं न्हाई. अन् टोपी घाला, ऊन हाय."

"मावशी, माझ्यानं कावळा आला न्हाई."

आई माझ्याकडं बोट करून समद्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हनली, "तुमच्या हातात काय खोट न्हाई. पन ह्याच्या बापानं जित्तेपनी ह्याच्या एका शब्दावर इस्वास ठेवला न्हाई, मेल्यावर कशाला ठेवतील?"